खिलार गाय : कांडी की वळू?

"कांडी भरली की गाय उलटतेच, त्यापेक्षा वळूच बरा" असं काही जण म्हणतात. कांडी म्हणजे कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या वीर्याची नळी, आणि उलटणं म्हणजे गाभ न राहता गाय पुन्हा माजावर येणं. पण दोष कांडीचा कमी, वेळेचा जास्त असतो. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या खिलार गायी बऱ्याचदा मुका माज दाखवतात. हंबरत नाहीत, दुसऱ्या गायीवर उडतही नाहीत. पहाटे शेण काढताना शेपटीखाली बघा. काचेसारखा स्वच्छ, लोंबणारा सोट (माजाचा चिकट स्राव) दिसला तर त्याच संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. सोट गढूळ किंवा पूमिश्रित असेल तर भरवूच नका, आधी डॉक्टरांना दाखवा. कांडी -१९६ अंशांच्या नायट्रोजनमधून काढल्यावर ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरतात. खिशात किंवा मुठीत गरम करणाऱ्याला सरळ थांबवा.

वळूला माज अचूक कळतो, हे मान्यच. पण गावभर एकच वळू फिरला तर ब्रुसेलासारखे गाभ पाडणारे रोगही त्याच्याबरोबर फिरतात. शिवाय तो तीन वर्षांवर ठेवला की स्वतःच्याच कालवडींवर जातो, आणि खिलारचं हाड, म्हणजे जातीचा बांधा, तिथंच बिघडतं. वळू ठेवायचाच तर ब्रुसेलाची तपासणी करून ठेवा आणि कालवडी माजावर यायच्या आत बदला. कांडी घेताना मात्र ती खिलारचीच आहे ना, हे विचारून घ्या.