भुसावळचं घर रिकामं करतेय, जुनं सामान कुठे विकू?

भुसावळची_सून
नमस्कार मंडळी. सासूबाई आता कायमच्या आमच्याकडे पुण्याला आल्या आहेत. भुसावळचं जामनेर रोडकडचं घर पाडव्यापर्यंत रिकामं करून भाड्याने द्यायचंय. सामान असं: पत्र्याचे दोन मोठे कूलर, आरशाचं सागवानी कपाट, लोखंडी दिवाण, चालू फ्रिज, इन्व्हर्टर-बॅटरी, जुना डबा टीव्ही. शिवाय माळ्यावर तांब्या-पितळेची भांडी आहेत. बंब, घंगाळ, हंडे, परात, कशाचाच हिशेब नाही.

मागच्या रविवारी एक भंगारवाला आला. घरभर फिरला, माळ्यावर बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, "सगळ्याचे मिळून एवढे देतो, उद्या टेम्पो आणतो." दीर लगेच तयार. मला आकडा पटला नाही, पण दुसरं काय करावं तेही सुचत नाही. ओएलएक्सवर टाकू, फेसबुक मार्केटप्लेसवर टाकू, की गावातच कोणाला विचारू? माझ्याकडे फक्त शनिवार-रविवार आहेत.

धुळ्याचा_भाऊ
ताई, तो घर बघाले नही, माळा बघाले उना व्हता. तांबानी किंमत त्याले माहीत शे, तुम्हले नही.

निवृत्त_गार्ड
भाऊ बरोबर बोलला. ताई, उधडा सौदा, म्हणजे सगळ्याचा एकगठ्ठा भाव, करूच नका. मी रेल्वेत नोकरी केली, क्वार्टरमध्ये राहिलो. बदलीची ऑर्डर हातात पडली की लोक कसं सामान फुंकून टाकतात ते आयुष्यभर पाहिलंय. घाईतल्या माणसाचा माल भंगारवाला लांबून ओळखतो.

आधी भांडी, कारण खरा पैसा तिथे आहे. भंगारवाल्याला दाखवूच नका, भांड्यांच्या दुकानात मोडीत द्या. तांबं आणि पितळ घरीच वेगळं करा. तांब्याचा भाव पितळेपेक्षा बराच जास्त असतो आणि एकत्र ढीग घातला की सगळंच पितळ ठरतं. बंबाची आतली जाळी लोखंडी असते, ती काढा. तोटी पितळेची, तीही काढून पितळेत टाका. नाहीतर दुकानदार जाळीच्या नावाखाली "घट" धरतो आणि ती घट जाळीपेक्षा जड निघते! बुडाला डाग (झाळ) दिलेला असेल, तर त्याची थोडी घट धरणारच, तिथे वाद घालू नका. निघण्याआधी ओळखीच्या किराणा दुकानात वजन करून कागदावर लिहून ठेवा. आणि रोख घेणार की नवी भांडी, हे भाव विचारतानाच सांगा. मोड देऊन नवं घेतलं तर एक भाव, रोख मागितले तर दुसरा. दोन-तीन दुकानं फिरा.

कूलरची काळजी नको. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. होळी ते आखाजी (अक्षय्य तृतीया) हा कूलरचा हंगाम, मृग लागला की कोणी फुकट नेत नाही. पाडव्याच्या आत विकताय म्हणजे वेळ नेमकी साधलीत. फक्त जुनं गवत काढून नवं भरा, टाकीचा गंज घासून घ्या आणि पाणी भरून चालू कूलर दाखवा. पंप आणि मोटर चालताना दिसली की माणूस घासाघीस कमी करतो. दीपनगर, वरणगाव फॅक्टरी, रेल्वे कॉलनी, सगळीकडे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत. ओळखीच्या कोणाकडून फोटो टाकून घ्या.

जळगावकर_मेघा
ओएलएक्स आणि मार्केटप्लेस कपाटासाठी वापरा, पण त्यात शहर जळगावही धरा. भुसावळहून पंचवीसेक किलोमीटर तर आहे, चांगल्या सागवानाला गिऱ्हाईक येतं. आरसा, कडी-कोयंडा आणि पाठीमागची फळी यांचे वेगळे फोटो टाका. पाठीला प्लाय आहे की सागच, हे पहिलं विचारतात. उंची-रुंदी लिहा आणि "गाडी तुमची" हेही लिहा, नाहीतर टेम्पोच्या भाड्यावर सौदा मोडतो.

एक मात्र जपा. जाहिरात टाकली की तासाभरात एखादा फोन येतो, "मी फौजेत आहे, सामान न बघताच घेतो, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे येतील." पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि यूपीआय पिनही लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. कोणी फसलंच तर लगेच १९३० वर फोन करायचा. मी म्हणते, घरी येऊन रोख द्या, नाहीतर समोर उभं राहून पाठवा.

दिवाणाला खरं गिऱ्हाईक जून-जुलैत, विद्यापीठाची आणि कॉलेजची पोरं खोल्या घेतात तेव्हा. तुम्हाला थांबता येत नसेल, तर भाडेकरूलाच विचारून बघा.

निवृत्त_गार्ड
दिवाणाचं हे आवडलं. फ्रिज रिपेअरिंगवाल्या मिस्त्रीला दाखवा, चालू असेल तर तो भंगारवाल्यापेक्षा जास्त देतो. बॅटरी बॅटरीच्या दुकानात द्या. जुनीला वजनावर पैसे मिळतात, नवी घेणार असाल तर बिलातून वजा करतात. वजन कमी करायला अ‍ॅसिड मात्र कोणाला ओतू देऊ नका. डबा टीव्हीला भाव नाही, तो भंगारात गेला तरी चालेल. फक्त अंगणात फोडू देऊ नका, पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं.

भुसावळची_सून
मेघाताई, काका, भाऊ, मनापासून आभार. भंगारवाल्याला नाही म्हणून कळवलं. तो लगेच म्हणाला, "बरं, भांड्यांचे वेगळे देतो." म्हणजे भाऊंचं खरंच निघालं! काका, घंगाळावर सासऱ्यांचं नाव कोरलेलं आहे, त्याचे पैसे कापतात का?

निवृत्त_गार्ड
नाही. मोडीत वजन बघतात, नाव नाही. पण ते घंगाळ दुकानात न्यायच्या आधी सासूबाईंना विचारा, दिरांना नाही.