'हेअरकट'ला मराठीत काय म्हणायचं?

अनुवादिका
बुडालेल्या कंपन्यांवरचा एक लेख मराठीत आणतेय आणि 'हेअरकट'पाशी अडले आहे. कंपनी थकते, २०१६च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेखाली प्रकरण न्यायाधिकरणाकडे जातं आणि बँकांच्या हाती सरासरी दाव्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास रक्कम पडते. उरलेलं जे सोडलं, ते हेअरकट. मी सरळ 'कर्जमाफी' लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून 'तडजोड' केलं आणि समासात लिहिलं, 'माफी शेतकऱ्याला असते, कंपनीला नव्हे.' तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. तुम्ही काय लिहाल?

खतावणी
मी बारावीला वाणिज्य शिकवते. आमच्या पुस्तकात सूट देण्याला 'कसर' किंवा 'वटाव' आणि बुडालेलं कर्ज खात्यातून काढण्याला 'अपलेखित करणे'. 'कसर' छान मुरलेला शब्द आहे, तोच घ्या.

जुनी वसुली
कसर म्हणजे हजाराचं बिल वेळेत भरलं म्हणून वीसतीस रुपये सोडणं. दोन तृतीयांश सोडलं त्याला कसर कशी म्हणणार?
आणि एक घोळ आधीच निस्तरू. मी बँकेत २६ वर्षं काढली. 'राइट ऑफ' म्हणजे निर्लेखन, माफी नव्हे. कर्ज ताळेबंदातून बाजूला काढतात, कर्जदाराची देणेदारी तशीच राहते, वसुली चालू राहते. वर्तमानपत्रं याला 'उद्योगपतींची कर्जमाफी' म्हणतात ते चूक आहे.

नांगरट
वसुली चालू राहते हे कागदावर. २०२३मध्ये सरकारनंच लोकसभेत दिलेले आकडे बघा. २०१४-१५पासूनच्या ९ वर्षांत १४.५६ लाख कोटी निर्लेखित, त्यातले ७.४० लाख कोटी मोठे उद्योग आणि सेवाक्षेत्राचे. त्याच काळात निर्लेखित खात्यांतून वसूल झाले २ लाख कोटींच्या थोडे वर. शब्द तुमचा बरोबर आहे, पण त्याच्या आड काय झाकलं जातं तेही बोला.

अनुवादिका
शिवाय हेअरकट आणि निर्लेखन एक नाही. न्यायाधिकरणात कंपनीच्या तोडग्याचा आराखडा एकदा मंजूर झाला की त्यात न धरलेला दावा कंपनीपुरता संपतो, पुन्हा मागता येत नाही. म्हणजे 'माफी' शब्द खरा इथेच जास्त बसतो.

जुनी वसुली
हे मात्र मान्य. पण तिथे जुन्या मालकाच्या हातून कंपनीही जाते. जामीनदार म्हणून त्याच्यावर वेगळा दावा लावता येतो.

नांगरट
माफी गुन्ह्याची असते, म्हणून आमच्या घरात वडील हा शब्द उच्चारू देत नसत. ते शेतकरी संघटनेचे. शरद जोशींच्या सभांतून आणलेला शब्द 'कर्जमुक्ती'. राज्याच्या २०१९च्या योजनेच्या नावात तो आला, तरी लोक आणि बातम्या 'माफी'च म्हणत राहिले.
२००८च्या केंद्राच्या योजनेत २ हेक्टरपर्यंत पूर्ण माफी होती. त्यावर जमीन असेल तर ७५ टक्के भरा, २५ टक्के सूट. आमची अडीच हेक्टर. वडिलांनी बैलजोडी विकून ७५ टक्के भरले. तोवर सोसायटीच्या फळ्यावर थकबाकीदारांच्या यादीत खडूनं त्यांचं नाव होतं, वरून दुसरं. शाळेत जाताना मी त्या भिंतीकडे बघायचो नाही. पैसे भरून बेबाकी दाखला मिळाला, तरी सातबाऱ्यावर 'इतर हक्कां'तला बोजा निघायला तलाठ्याकडे आठ महिने खेटे. ती २५ टक्के सूटही हेअरकटच होती ना? मग आमच्या वेळी हा गुळगुळीत शब्द का नाही वापरला कुणी?

शुद्धमती
मूळ दुखणं असं की 'कर्ज' अरबी, 'माफ' अरबी, 'सवलत'ही अरबीच. परक्या शब्दांवर परकेच शब्द चढवतोय. 'ऋणत्याग' म्हणा. अर्थ नेमका आणि कुणाचा अपमानही नाही.

खतावणी
माझ्या वर्गातल्या एकाही मुलाच्या घरी 'ऋण' काढत नाहीत. कर्ज काढतात, हप्ता थकतो, जप्ती येते. 'जप्ती' म्हटल्यावर पोटात गोळा येतो, तो 'अधिग्रहणा'नं येणार नाही. सौम्य शब्द हवेत कुणाला? २०१९च्या सप्टेंबरात कंपनी कराचा मूळ दर ३०वरून २२ टक्क्यांवर आणला, तेव्हा सोडलेल्या महसुलाचा सरकारचाच अंदाज १.४५ लाख कोटींचा होता. त्याला नाव 'प्रोत्साहन'. ते तर अस्सल संस्कृत आहे!

शुद्धमती
तो दोष शब्दाचा नाही, वापरणाऱ्याचा. बरं, निदान 'तगाई' तरी आपली आहे. शेतकऱ्याला तगून राहायला सरकार कर्ज देतं ती तगाई, 'तगणे'पासून.

जुनी वसुली
नाही हो. मूळ अरबी 'तकावी', 'कुवत'च्या घरातला शब्द. बळ देणं असा अर्थ. 'तगणे'शी नंतर जुळलं असेल.

शुद्धमती
माझी आजी तगणे असंच सांगायची. दुष्काळात जगलेल्या माणसाचा कान कोशापेक्षा खरा मानते मी.

अनुवादिका
उद्या मजकूर द्यायचाय. तूर्त 'बँकांनी दोन तृतीयांश रकमेवर पाणी सोडलं' असं लिहितेय.

नांगरट
पाणी सोडतात ते दान देताना, आणि दान स्वतःच्या मालकीचं द्यायचं असतं. बँकेत पैसा ठेवीदारांचा. 'बुडाले' लिहा.

अनुवादिका
'बुडाले' म्हटलं की कुणी सोडले ते दिसत नाही. तेच तर दाखवायचंय मला.

जुनी वसुली
नांगरट, वडिलांच्या जुन्या कागदांत पावती असेल तर बघा. 'तगाई' लिहिलंय की 'तकावी'?

नांगरट
बघितलं. १९७२च्या दुष्काळातली, आजोबांच्या नावाची, विहिरीसाठीची. शाई उडालीय, पण 'तगाई' वाचता येतं. खाली आजोबांचा अंगठा.