शब्दचर्चा: मूत्राशय काढल्यानंतरची ‘संवेदना’ आणि ‘असंयम’

प्रश्न (कोल्हापूर): कर्करोगामुळे मूत्राशय काढून आतड्यापासून नवे मूत्राशय केलेल्या रुग्णांसाठी एक माहितीपत्रक मी तपासत आहे. मसुद्यात ‘शस्त्रक्रियेनंतर मूत्रसंवेदना नष्ट होते व मूत्र-असंयम संभवतो’ असे वाक्य आहे. कागल-राधानगरीकडून येणाऱ्या माणसाला ते कळेल का, आणि मुळात ते अचूक आहे का?

उत्तर: ‘असंयम’ आधी काढावा. संयम हा मनाचा गुण मानला जातो. तो सुटला म्हटले की दोष माणसाच्या माथी येतो, आणि येथे प्रश्न स्नायूंचा व मज्जातंतूंचा आहे. ‘लघवीवर ताबा न राहणे’ सर्वांना समजते.

‘संवेदना नष्ट होते’ हे मात्र अर्धेच खरे आहे. लघवी ‘लागणे’, ‘कळणे’ आणि ‘धरणे’ ही तीन क्रियापदे आपण रोज वापरतो. ती वेगळी ठेवली की घोळ मिटतो. मूत्राशयाची भिंत ताणली गेल्याची खबर मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे गेली की लघवी लागते. ते मूत्राशयच काढल्यावर नेहमीची खबर येणे बंद होते. लहान आतड्याचा साधारण ५० ते ६० सेंटिमीटर भाग वापरून केलेले मूत्राशय भरले की ओटीपोटात जडपणा किंवा वायू धरल्यासारखे वाटते, आणि ही नवी खूण ओळखू येईपर्यंत सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी घड्याळ पाहून जावे लागते. थेंब मूत्रमार्गात उतरल्याचे ‘कळणे’ ही निराळी गोष्ट आहे. तिकडे जाणारे मज्जातंतू राखता आले असतील तर ती जाणीव टिकण्याची शक्यता वाढते, आणि थेंब कळला तर माणूस वेळीच आवळून धरू शकतो. ‘धरण्याचे’ काम मूत्रमार्गाभोवतालच्या झडपस्नायूचे. शस्त्रक्रियेत तो जपतात आणि ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंच्या व्यायामाने त्याला बळ येते.

प्रश्नकर्ता: रात्रीचे काय? दिवसा कोरडे राहणारे एक गृहस्थ म्हणाले, “राधानगरी धरणाचे दरवाजे पातळी गाठली की आपसूक उघडतात, तसं माझं रात्री होतंय.”

उत्तर: त्यांचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे. मूळ मूत्राशय भरत जाते तसा झडपस्नायू प्रतिक्षिप्त क्रियेने अधिक घट्ट होतो. नव्या मूत्राशयाशी त्याचा तसा दुवा उरत नाही आणि झोपेत तो सैलावतो. म्हणून पत्रकात ‘दिवसाचा ताबा’ व ‘रात्रीचा ताबा’ असे दोन उल्लेख हवेत, आणि रात्री गजर लावून उठण्याची सूचना त्यातल्या दुसऱ्यापाशी द्यावी.

आणखी एक प्रतिसाद: वॉर्डातल्या नोंदींकडेही लक्ष द्यावे. रुग्ण ‘लघवी लागत नाही’ म्हणतो तेव्हा तो जाणिवेबद्दल बोलत असतो; ऐकणाऱ्याने ‘लघवी होत नाही’ असे लिहिले, तर वाचणारा डॉक्टर लघवी तुंबली असे समजून नळी घालण्याच्या तयारीला लागेल. उलट, नवे मूत्राशय खरोखरच पूर्ण रिकामे होत नसेल, तर ‘लागत नाही’ या नोंदीने ते झाकले जाईल.

‘पिशवी’ शब्दही जपून वापरावा, असे मला वाटते. आपल्याकडे मूत्राशयालाच लघवीची पिशवी म्हणतात, नळीला जोडलेली तीही पिशवी आणि पोटावर छिद्र करून लावतात तीही पिशवीच. पत्रकात ‘आतड्याचे मूत्राशय’ असे स्पष्ट लिहावे. पोटावर पिशवी लावलेल्यांच्या बाबतीत लघवी धरण्याचा प्रश्नच येत नसल्याने त्यांचे पत्रक वेगळे काढावे.