मदत हवी आहे: उत्तम शुक्रवारी चौथ्या उद्गारावर काय बोलू?

सर्वांना जय ख्रिस्त. आमची मंडळी जालन्याजवळच्या खेड्यातली. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन उपासना असते, येशूने वधस्तंभावर (क्रुसावर) काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. यंदा पाळकसाहेबांनी चौथा माझ्या गळ्यात घातलाय: 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' (सोपे उद्गार ज्येष्ठांनी आधीच उचलले!)

हा उद्गार फक्त मत्तय आणि मार्क या दोन शुभवर्तमानांत आहे, आणि ती जुन्या करारातल्या २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ, इथवर ठीक. पुढे अडतं. जगाचं पाप अंगावर घेतलं म्हणून पित्याने तोंड फिरवलं, असं बरेच जण सांगतात. पण त्याच स्तोत्राच्या २४ व्या वचनात देवाने पीडितापासून मुख लपवलं नाही, त्याची हाक ऐकली, असं आहे. मला हेच जास्त पटतं. मात्र त्यासाठी येशूची वेदना नुसतं पाठांतर ठरवायची नाही.

समोर कोण बसणार तेही सांगतो. कपाशी गेली, कर्ज राहिलं, घरचा माणूस गेला, अशा बाया पुढच्या सतरंजीवर असतात. 'रविवारी उठला ना' म्हणून शुक्रवारीच त्यांची समजूत काढणं मला जमणार नाही. पुनरुत्थानानंतरही येशूने थोमा या शिष्याला व्रण दाखवले. ते इथे जोडू की ईस्टरला ठेवू?

दहाच मिनिटं मिळतात. स्तोत्राची ३१ वचनं आधी वाचून घ्यावीत का? कुणी यावर बोललं असेल तर सुरुवात कुठून केली, तेवढं सांगा.