ओख्याचे डॉल्फिन, पैसा कोणाचा?

दांडियाबाजारकर
परवा मंडळाच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "कच्छच्या आखातात सरकार डॉल्फिन मोजतंय आणि ओख्याच्या खारव्याला, म्हणजे तिथल्या मासेमाराला, डिझेल परवडेना. सगळा पैसा पाण्यात." त्याला चाळीस अंगठे. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

ओखामंडळ, म्हणजे ओख्याभोवतीचा मुलूख, आपल्या बडोदा संस्थानात होतं. सयाजीराव महाराजांच्या सरकारने 1905 च्या सुमारास सागरी जीवांचे अभ्यासक जेम्स हॉर्नेल यांना तिथल्या मोती-शंखांची पाहणी करायला बोलावलं. त्यातून तिथल्या समुद्री जीवांवर दोन भागांचा अहवाल निघाला, 1909 आणि 1916 साली. ओख्याचं बंदर त्यानंतरचं. समुद्रात काय आहे ते आधी बघा, मग धंद्याचं बोला, अशी ती रीत होती. पैसा संस्थानच्या तिजोरीतला.

आता आजचं. 2024 मध्ये गुजरात सरकारने आकडा दिला: 680 डॉल्फिन, त्यातले 498 ओखा ते नवलखी या पट्ट्यात. कुबडवाला डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतो, आणि लहान होडीवाला जाळं टाकतो तेही तिथेच. डॉल्फिनला श्वासासाठी वर यावं लागतं. जाळ्यात गुंतला की गुदमरून मरतो, आणि जाळंही फाटतं. हे कुठे होतं, कोणत्या महिन्यात होतं, ते मोजल्याशिवाय कसं कळणार?

मालवणची लेक (मु. कारेलीबाग)
दादा, महाराजांचं नाव घेतलं की बडोद्यात वाद संपतो, पण मी लिहिणारच. माझे मामा मालवणला मासेमारी करतात. महाराष्ट्रात 2018 पासून योजना आहे, संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई. मामांनी कासवासाठी नवं जाळं कापलं. फोटो, अर्ज, पुन्हा अर्ज. पैसे आले तेव्हा हंगाम उलटला होता, आणि तोवर मामा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जात होते.

त्याच वर्षी अभ्यासवाले आले होते. चार दिवस मामांच्या होडीत बसले, मामीच्या हातची सुंगटाची आमटी जेवले, फोटो काढले. मामांनी त्यांना पाणी कुठे गढूळ होतं, डॉल्फिन कुठल्या अंगाने येतात, सगळं दाखवलं. त्यांना काय सापडलं, हे मामांना आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. असल्या अभ्यासाला माझ्या करातला एक रुपया नको.

कमाटीबाग
ताई, गुजरातमधल्याच वेरावळ बंदराचं उदाहरण बघा. तिथे व्हेल शार्कची सर्रास शिकार व्हायची. 2001 मध्ये कायद्याने बंदी आली, पण कागदाने कोण थांबतं? पुढे व्हेल शार्क वाचवायची 'व्हाली' मोहीम निघाली, फाटलेल्या जाळ्याची भरपाई सुरू झाली, आणि तेच खारवे जाळं कापून त्याला सोडायला लागले. तेव्हा पैसा घातला म्हणूनच तो व्हेल वाचला.

दांडियाबाजारकर
व्हेल शार्क हा मासा आहे हो, व्हेल नव्हे. बाकी मुद्दा मान्य.

वडसरवाला
ओखा राहू दे. आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरी मोजायला पैसा निघतो आणि आम्हाला विचारायला कोणी येत नाही, त्याचं काय? ऑगस्ट 2024 ला नदी पस्तीस फुटांच्या वर गेली. पहाटे चारला जिन्यावर टॉर्च मारला तर तिसऱ्या पायरीवर मगर, तोंड उघडं टाकून, अंगावर आमच्याच घरातली प्लास्टिकची पिशवी. आई वरच्या खोलीत, तिची इन्सुलिन खालच्या फ्रिजमध्ये. नऊ तास फोन लावला, कोणी उचलला नाही.

समा रोड
त्रास झाला हे वाईटच. पण नदीच्या कोतरात सोसायट्या उठल्या, तेव्हा मगरी तिथेच होत्या. घर त्यांच्यात आपण बांधलं.

वडसरवाला
माझ्या वडिलांनी 1989 ला रीतसर परवानगीचं घर घेतलं. पै-पै जोडून. ज्यांनी भराव टाकून नदी अरुंद केली त्यांना बोला, आम्हाला नको. तुमच्या घरात पाणी आलं होतं का? नसेल तर शिकवू नका.

समा रोड
आलं होतं. कमरेपर्यंत. वडिलांची पेटी गेली, शिसवी होती, 1962 ची. म्हणूनच सांगतो, नदीचा अभ्यास आधी झाला असता तर भराव कुठे पडतोय हे कागदावर आलं असतं.

वडसरवाला
पेटीचं ऐकून वाईट वाटलं. पण कागदावर येऊन तो कपाटात गेला असता. एवढंच म्हणणं आहे माझं.

कमाटीबाग
मगर डॉल्फिनसारखी सस्तन नाही. विषयावर या.

वडसरवाला
विषय पैशाचा आहे. मी विषयावरच आहे.

दांडियाबाजारकर
वडसरवाल्यांचा राग समजतो, पण ओख्याला परत येतो, कारण एक गोष्ट राहिली. ज्या मासेमारीत सागरी सस्तन प्राणी मरतात, तिथला माल घेताना तुमचे नियम आमच्या तोडीचे आहेत का, असं अमेरिका विचारते. त्याची मुदत 1 जानेवारी 2026 होती. म्हणून तर एमपीडा (समुद्री मालाच्या निर्यातीचं सरकारी मंडळ) आणि सीएमएफआरआय (सागरी मासेमारीवर संशोधन करणारी सरकारी संस्था) यांना आपल्या किनाऱ्यावर डॉल्फिन-व्हेलची पाहणी करावी लागली. मोजणीच नसेल तर कोळंबीचा भाव वेरावळ-पोरबंदरच्या बोटवाल्याच्या हातून जातो. त्याच्या डिझेलचा प्रश्न आणि ही मोजणी वेगळ्या नाहीत.

आणि ताई, मामांचं तुम्ही लिहिलंत ते मला खोडता येत नाही. ज्याच्या होडीत बसून माहिती गोळा केली त्याला ती परत सांगायलाच हवी, त्याच्या बोलीत, बंदरावर बसून. भरपाईही त्याच आठवड्यात. ते होणार नसेल तर अभ्यासाच्या पैशाचा पुढचा हप्ता अडवा, मी तुमच्या बाजूने सही करतो.

मालवणची लेक (मु. कारेलीबाग)
कोळंबीचं मला माहीत नव्हतं. ठीक आहे.

आत्ताच मामांना फोन केला. म्हणाले, डॉल्फिन जाळ्यावर कधी येतात त्याची वही मी ठेवीन, वेळ, वारा, भरती-ओहोटी सगळं लिहीन. पण त्या दिवसाचं डिझेल आधी हातात द्या, आणि वर्षाअखेर वही परत आणून काय निघालं ते सांगा.