कारच्या समोरच्या काचेला तडा, रिपेअर होईल की बदलू?

गिट्टीग्रस्त: वर्धा रोडवर टिप्परमधून गिट्टी उडाली न् काचेवर चण्याएवढा टवका पडला, काल बोटभर तडा होता, आज पार काठाला जाऊन टेकला. रिपेअर होते का भाऊ?

धंतोलीकर: नुसता टवका होता तेव्हाच रेझिन भरून घ्यायचं ना बे! काठाला पोचला म्हणजे बदलाच. तोवर तापल्या काचेवर एसी फुल मारू नका, बाहेर ४५ डिग्री न् आतून गार, तडा सर्रकन पळते.

पॉलिसीवाला: इन्शुरन्समध्ये काचेवर डेप्रिसिएशन (जुनेपणाची घट) कटत नाही, पण क्लेम केला की एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) जाते, हिशोब करून पाहा.

गिट्टीग्रस्त: ५० टक्के एनसीबी आहे, खिशातूनच देतो. सध्या सेलोटेप लावून फिरून राहिलो, बायको हसून राहिली.