सरकारी डेटा क्लाउडवर : नेमकं बिघडतं कुठं?

मांजराकाठ, लातूर
क्लाउड म्हणजे दूरच्या डेटा सेंटरमधले, इंटरनेटवरून वापरायचे सर्व्हर, बहुधा खासगी कंपनीचे. राज्याचं सार्वजनिक क्लाउड धोरण २०१८ चं. तेव्हापासून कोणत्याही विभागाला विचारा, "टाका क्लाउडवर" हेच उत्तर. विरोध करणारेही डेटा चोरीच्याच गोष्टी करतात. माझा आक्षेप बिलावर आहे, आणि बाहेर पडण्यावर.

सरकारी पैसा लेखाशीर्षाखाली वर्षाचा ठरतो आणि बीम्सवर (राज्याची निधी वाटपाची ऑनलाइन प्रणाली) टप्प्याटप्प्यानं सुटतो. क्लाउडचं बिल मात्र महिन्याचं, वापरेल तेवढं. पीकविम्याच्या शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम तुटून पडतात, बिल फुगतं, मंजूर रक्कम तेवढीच राहते. मार्चअखेर कोषागारात देयक अडकलं तर करारानुसार सेवा थांबवायचा हक्क कंपनीला असतो. विकत घेतलेला सर्व्हर देयकासाठी बंद पडत नाही. शिवाय डेटा बाहेर काढायचे पैसे वेगळेच.

देवगिरी
ते शेवटचं जुनं झालं. कायमचं सोडून जाणाऱ्या ग्राहकांसाठी गूगल, अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही २०२४ मध्ये ती आकारणी माफ केली.

आणि स्वतःच्या खोलीतले सर्व्हर काय दिवे लावतात? मे महिन्यात नांदेड-परभणीला पारा चाळिशीच्या वर, लाइट गेली की एसी बंद. यूपीएसमधल्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर ८-१० अंशांना निम्मं होतं. बॅटरी बसली की सर्व्हर झटक्यात बंद, चालू व्यवहार अर्धवट. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं, ते स्वतःच्याच सर्व्हरवर. दक्षिण कोरियात सप्टेंबर २०२५ मध्ये देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली, जी-ड्राइव्हवरचा ८५८ टेराबाइट डेटा गेला. बाहेर प्रतच नव्हती.

मांजराकाठ, लातूर
अहो, जी-ड्राइव्ह म्हणजे सरकारी क्लाउडच होता की! कर्मचाऱ्यांच्या फायली तिथंच ठेवायच्या असा त्याचा वापर. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं निघालं.

दुसरं घ्या. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या युनिसुपर या पेन्शन फंडाचा गूगलवरचा खासगी क्लाउड एका चुकीच्या सेटिंगमुळं पुसला गेला. प्रती दोन वेगळ्या ठिकाणी होत्या, पण खातं एकच, म्हणून दोन्ही गेल्या. वाचले ते वेगळे ठेवलेले बॅकअप होते म्हणून.

माफीचं म्हणाल तर फी गेली, काम कुठं गेलं? १०० टेराबाइट १०० एमबीपीएस लाइनवरून काढायला लाइन पूर्ण मोकळी मिळाली तरी ९२-९३ दिवस. त्या कंपनीच्याच खास डेटाबेसवर आणि फंक्शनवर सॉफ्टवेअर बांधलं असेल तर ते पुन्हा लिहा.

गोदाकाठ, नांदेड
तुम्ही दोघं सर्व्हरवर भांडताय, तालुक्याला अडतं ते लाइनवर. निजामकाळच्या उर्दू आणि मोडी नोंदींचं स्कॅनिंग घ्या. ए४ पान, ३०० डीपीआय, रंगीत, न दाबता जवळपास २६ एमबी. १० एमबीपीएस अपलोडला एका पानाला २१ सेकंद, ५०० पानांच्या रजिस्टरला तीन तासांच्या आसपास. मध्येच रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली की फाइल अर्धी. मग वैतागून लोक जेपीईजी इतकी दाबून टाकतात की पुसट शाई वाचताच येत नाही. हे नुकसान कुणाच्या अहवालात येत नाही.

आणि ९९.९ टक्के अपटाइम (सेवा चालू राहण्याची हमी) म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं बंद, पण मोजतात कंपनीच्या दारापर्यंतच. तहसीलची लाइन दिवसभर बंद असली तरी कागदावर सगळं हिरवं.

उपाय अवघड नाही. तहसीलमध्ये एक छोटा सर्व्हर, स्कॅन आधी त्यावर, रात्री तुकड्यातुकड्यानं अपलोड, दोन्हीकडचा चेकसम (फाइल जशीच्या तशी पोचली का ते सांगणारा आकडा) जुळल्याशिवाय मूळ फाइल पुसायची नाही.

कायदा_परभणी
डेटा भारतात ठेवायची अट असतेच. पण कंपनी अमेरिकन असेल तर २०१८ चा तिथला क्लाउड कायदा लागू: डेटा कुठंही असो, कंपनीच्या ताब्यात असेल तर न्यायालयीन आदेशानं मागता येतो. सेवा बंद होणं हा त्याहून जवळचा धोका. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टनं नायारा एनर्जी या भारतातल्या तेल कंपनीची सेवा थांबवली. नायारा दिल्ली उच्च न्यायालयात गेली तेव्हा ती परत सुरू झाली.

एन्क्रिप्शनची (डेटा कुलूपबंद करायची) किल्ली सरकारच्या एचएसएममध्ये, म्हणजे किल्ल्या जपणाऱ्या वेगळ्या यंत्रात, ठेवा म्हणतात. बॅकअपपुरतं ते ठीक. पण अ‍ॅप्लिकेशन तिथंच चालवायचं तर डेटा मेमरीत उघडावाच लागतो.

देवगिरी
मग एनआयसी (केंद्र सरकारचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) आहे ना! राष्ट्रीय डेटा सेंटर दिल्ली, पुणे, हैदराबाद, भुवनेश्वरला आहेत. जमिनीचे अभिलेख तिथं, बाकी जाहीर माहिती खासगी क्लाउडवर. गोदाकाठ, तुमचा छोटा सर्व्हर मान्य. पण त्याला पॅच (सॉफ्टवेअरच्या सुरक्षा दुरुस्त्या) कोण लावणार? जिल्ह्याला दोन जाणकार माणसं द्या, मग बोलू.

मांजराकाठ, लातूर
माणसं क्लाउडलाही लागतात, साहेब. तिथं यंत्रं कंपनी सांभाळते, परवानग्या आपण. स्टोरेजची बकेट (क्लाउडवरचा फायलींचा कप्पा) चुकून सार्वजनिक ठेवली आणि अर्जांसोबतच्या आधारच्या प्रती उघड्या पडल्या, तर कंपनी करार दाखवून मोकळी. ते बघणारा माणूस निविदेत कुठल्या ओळीवर असतो, ते दाखवा.